आईचं मशीन आणि बिडाचा बगळा

प्रश्न : मुलीकडे ऑस्ट्रेलियात गेले होते, वागा वागाला. तिथून तासाभरावर लॉकहार्ट नावाचं गाव आहे, आपल्या तालुक्याच्या गावाहूनही लहान. दुकानांपुढे लांबच लांब पडव्या, आणि शेतावरच्या भंगारातून केलेली शिल्पं रस्त्यात उभी. मी तर हा पाना, ही साखळी, असं ओळखत ओळखतच फिरले. दर ऑक्टोबरात तिथे या शिल्पांची स्पर्धाही भरते. घरी आल्यापासून माळ्यावरचं आईचं पायमशीन आणि सासऱ्यांची सायकल डोळ्यांसमोर येतेय. अंगणात असं काही करता येईल का? वेल्डिंगवाला म्हणतो, ‘सोनेरी कलर मारून मस्त बनवून देतो.’
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, करता येईल. पण आधी त्या माणसाला रंगाचा डबा बंद करायला सांगा. तुम्ही पाना ओळखत फिरलात ना, सगळी गंमत तिथेच आहे. भंगारातून केलेल्या कोंबड्याची शेपटी बघता बघता तिथे विळा दिसतो, आणि पुन्हा शेपटी. सोनेरी रंग चढला की विळाही गेला आणि कोंबडाही. उरतो तो लग्नाच्या हॉलबाहेरचा शोभेचा पुतळा.

आणि हे खूळ परदेशातलंच आहे असं समजू नका. आपल्या वडोदऱ्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीचे शिल्पकार राघव कनेरिया साठच्या दशकात लोखंडी भंगार वेल्ड करून शिल्पं करत होते. चंदीगडच्या नेकचंदांनी तर रस्त्यांवरच्या इन्स्पेक्टरची नोकरी सांभाळून फुटक्या बांगड्या-फरश्यांतून अख्खी बाग उभारली. ती 1976 मध्ये लोकांना खुली झाली.

आता तुमचं मशीन. त्याचा वरचा भाग आणि खालचा जाळीदार स्टँड, दोन्ही बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. इथेच बरेच जण फसतात. शिकाऊ असताना मी बिडाच्या एका पुलीवर वेल्डिंगच्या साध्या रॉडने बगळा उभा केला होता. हात धुवायला वळलो आणि मागे ‘टण्’! बगळा आडवा. माझा जोड शाबूत होता, त्याला लागूनची पुलीच तडकली होती. बीड ठिसूळ असतं. एकाच जागी तापून आकसलं की ताण त्याला पेलत नाही. निकेलचा रॉड, आधी शेक, नंतर राखेत हळूहळू गार करणं, हे जमणारा कारागीर मिळाला तर ठीक. नाहीतर सरळ नट-बोल्ट वापरा. स्टँडच्या नक्षीत फटी असतातच, त्यांतून बोल्ट जातात. शिवाय उद्या मन बदललं तर बोल्ट काढले की आईचं मशीन पुन्हा मशीन!

सायकलीची फ्रेम पोलादी नळ्यांची, ती खुशाल वेल्ड होते. जोडाजवळचा रंग आणि चकाकी मात्र घासून काढायला लावा. जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा पाइप त्यात घुसवू नका. त्याचा पांढरा धूर नाकात गेला की रात्री हिवतापासारखी हुडहुडी भरते, स्वतः भोगलंय. आणि भंगारवाल्याकडून स्कूटरचा शॉकॲब्सॉर्बर आणलात, तर त्याला गरम अजिबात करायचं नाही. आत दाब असतो, फुटतो.

गंज येऊ द्या, रंग छान येतो. फरशीवर तांबडे डाग पडतील एवढंच. म्हणून खाली दगड ठेवा, आणि पावसाळ्याआधी उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवा. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतं. तारेवर पसरून वाळवा.

काय करायचं, प्राणी की पक्षी, ते मी सांगणार नाही. मशीनचा वरचा भाग आठ दिवस अंगणात नुसता ठेवून बघा. मला तो दरवेळी मान खाली घालून चरणाऱ्या गाईसारखा दिसतो, तुम्हाला वेगळा दिसेल. सासऱ्यांच्या सायकलीची घंटी तेवढी वाजती ठेवा. येणारं-जाणारं पोर वाजवल्याशिवाय राहायचं नाही.