जर्मनीत नाताळला मुलांना किती भेटी द्याव्यात?

तुम्ही विचारलंय, की सप्टेंबरात म्युनिकला येतोय, मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ५ वर्षांचा आहे, तर नाताळात प्रत्येकाला किती भेटी द्यायच्या. आकडाच हवा असेल तर २४ डिसेंबरला आईवडिलांकडून प्रत्येकी दोन. पण इथे भेटी एका दिवसात आटपत नाहीत, म्हणून आधी अख्ख्या हंगामाचा हिशोब मांडा.

सुरुवात होते १ डिसेंबरला, अ‍ॅडव्हेंट कॅलेंडरने. अ‍ॅडव्हेंट म्हणजे नाताळाआधीचे साधारण चार आठवडे. कॅलेंडरला २४ खिडक्या, रोज एक उघडायची. सुपरमार्केटमधलं चॉकलेटचं साधं कॅलेंडर पुरेसं आहे. कापडी पिशव्यांचं कॅलेंडर घरी भरायचीही पद्धत आहे आणि नवी कुटुंबं तिथेच अडकतात, कारण दोन मुलं म्हणजे ४८ वस्तू. मग मूल आजच्या वस्तूशी खेळत नाही, उद्याची पिशवी चाचपत बसतं. भरायचंच असेल तर दोघांत एकच ठेवा, सम तारखा ताईच्या, विषम धाकट्याच्या, आणि निम्म्या पिशव्यांत नुसती चिठ्ठी घाला: आज बर्फावर स्केटिंग, आज झोपताना दोन गोष्टी. शाकाहारी असाल तर पाकिटामागची यादी वाचा. जेलीच्या गोळ्यांत बहुधा ‘गेलाटिने’ म्हणजे जिलेटिन असतं आणि ते बरेचदा डुकराचं असतं. फळांपासून काढलेल्या ‘पेक्टिन’वाल्या गोळ्या घ्या.

५ तारखेच्या रात्री मुलं बूट स्वच्छ करून दाराशी ठेवतात, ६ला सकाळी त्यात निकोलाउसचा, म्हणजे मुलांना भेटी आणणाऱ्या संताचा, खाऊ सापडतो: मँडरिन, अक्रोड, शेंगदाणे, चॉकलेटचा निकोलाउस, फार तर एखादं छोटं पुस्तक. बुटात मावेल तेवढंच. ही मर्यादा रीतीनेच घालून दिली आहे, ती मोडू नका. मुलीला निकोलाउसमागचं गुपित कळलं असेल, तर धाकट्यासमोर आणि इतर लहान मुलांसमोर ते फोडायचं नाही हे तिला आधीच सांगून ठेवा.

मुख्य भेटी २४च्या संध्याकाळी उघडतात, २५च्या सकाळी नाही. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात त्या ‘ख्रिस्टकिंड’ म्हणजे बाळ येशू आणतं, उत्तरेकडे बऱ्याच घरी ‘वाइनाख्ट्समान’ म्हणजे सांताक्लॉजसारखा नाताळबाबा. आईवडिलांच्या दोन भेटींपैकी एक मुलाने मागितलेली असावी, दुसरी सगळ्यांनी मिळून खेळायची, म्हणजे एखादा बोर्ड गेम. आजी-आजोबांची तिसरी. त्याहून जास्त आलं तर दोन-तीन वस्तू खुशाल कपाटात ठेवा आणि फेब्रुवारीत काढा, तेव्हा थंडीने मुलं घरात कंटाळलेली असतात.

सायकलसारखी मोठी वस्तू मात्र दिवाळीला द्या. २०२६मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, अ‍ॅडव्हेंटच्या जेमतेम तीन आठवडे आधी. इथे दिवाळीला शाळेला सुट्टी नसते, रस्त्यावर रोषणाई नसते. वर नवं काही डिसेंबरातच मिळत गेलं, तर आपला सण मुलांच्या लेखी उरतच नाही. नवे कपडेही दिवाळीलाच.

भारतातून घरच्यांनी पाठवलेली भेट ४५ युरोंपर्यंत करमुक्त असते. कस्टम्सच्या फॉर्मवर वस्तूचं नाव आणि खरी किंमत लिहायला सांगा. नुसतं ‘गिफ्ट’ लिहिलं की पार्सल अडकतं. पेढे, बर्फी पाठवू देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ टपालाने आणायला मनाई आहे.

खरेदीतली एक अडचण लक्षात ठेवा. ऑनलाइन वस्तू परत करण्याचा कायदेशीर हक्क ती हाती आल्यापासून १४ दिवसांचा असतो. नोव्हेंबरात घेतलेली वस्तू २४ डिसेंबरला उघडेपर्यंत ही मुदत संपून जाते. काही विक्रेते नाताळासाठी ती वाढवतात, ते आधी पाहून घ्या. दुकानातून घेतलेली वस्तू नुसती आवडली नाही म्हणून परत घेणं दुकानदारावर बंधनकारक नाही. बदलून देणार का ते विचारूनच घ्या आणि बिल जपा.

२४ला दुकानं दुपारी दोनपर्यंत बंद होतात. २५ आणि २६ सुट्टी, आणि २०२६मध्ये २७ला रविवार, म्हणजे पुढचे तीन दिवस सगळं बंद. खोक्यावर ‘बॅटरी सोबत नाही’ असं असेल तर बॅटऱ्या २३पर्यंत आणून ठेवा, आणि जोडावं लागणारं खेळणं त्याच रात्री जोडून टाका.