जलशास्त्र-भूशास्त्राच्या सल्लागार कंपनीत कोणकोणती माणसं हवीत, आणि त्यांचं काम पक्कं आहे हे कसं ओळखायचं?

तुम्हाला प्रकल्पासाठी भूजलाचा अभ्यास आणि पायाच्या खडकाची तपासणी, दोन्ही करून घ्यायची आहेत. आलेल्या सगळ्या प्रस्तावांत पदव्यांची यादी सारखीच दिसते, मग निवड कशी करायची, असं तुम्ही विचारलंय.

पदव्या बघाच, पण त्याआधी दोन गोष्टी विचारा. जागेवर मोजमाप कोण घेणार? आणि अहवालावर सही करणारा माणूस ते कच्चे आकडे स्वतः बघतो का? माझ्या मते कंपनीचा कस इथेच लागतो. विहिरीवर चुकलेलं मोजमाप नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही.

भूजलासाठी मुख्य माणूस जलभूशास्त्रज्ञ. त्याची पारख पंपिंग टेस्टवरून होते, म्हणजे विहिरीतून पाणी उपसून पातळी कशी उतरते ते मोजण्यावरून. आधी वाढत्या उपशाची टप्प्याटप्प्याची चाचणी, मग पाणी पूर्ववत झाल्यावर एकाच दराने सलग उपसा. बंदिस्त जलधरात (पाणी धरणारा थर, ज्याच्यावर पाणी न झिरपू देणारा थर आहे) साधारण २४ तास, खुल्या जलधरात (वर असा थर नसलेला) ७२ तास, आणि पंप बंद केल्यावर पातळी वर येतानाची नोंदही तितक्याच काळजीने. पहिल्या दहा मिनिटांत दर मिनिटाला किंवा त्याहून लवकर वाचन लागतं, पुढे अंतर वाढवत नेतात. निदान एक निरीक्षण विहीर (उपसा न करता फक्त पातळी मोजायची जवळची विहीर) हवीच, तिच्याशिवाय साठवण गुणांक, म्हणजे पातळी उतरली की जलधर किती पाणी सोडतो तो आकडा, विश्वासाने काढता येत नाही.

गणित सोपं आहे. उपसा दिवसाला ८६४ घनमीटर (म्हणजे सेकंदाला १० लिटर) आणि वेळेच्या लॉग आलेखावर दर दहापटीमागे पातळी १.५ मीटर उतरत असेल, तर ०.१८३ गुणिले ८६४ भागिले १.५, म्हणजे ट्रान्समिसिव्हिटी (जलधराच्या पूर्ण जाडीतून पाणी वाहू देण्याची क्षमता) दिवसाला सुमारे १०५ चौरस मीटर. कूपर आणि जेकब यांची १९४६ची ही पद्धत कोणीही चालवू शकतो. बिघडतं ते आधीच. पाणी खोल जाईल तसा पंपाचा उपसा आपोआप कमी होतो, म्हणून सुरुवातीलाच व्हॉल्व्ह थोडा बंद ठेवून नंतर उघडत नेत दर स्थिर राखावा लागतो. उपसलेलं पाणी शेजारीच सोडलं तर उथळ जलधरात ते परत मुरतं, पातळी उतरायची थांबते, आणि जवळ नदी असल्यासारखा आलेख दिसतो. पातळी आपोआप नोंदवणारा डेटा लॉगर बंद केबलचा (हवेशी न जोडलेला) असेल तर तो पाण्याबरोबर हवेचा दाबही मोजतो, त्यामुळे वायुदाबात १० हेक्टोपास्कल फरक पडला की पातळीत सुमारे १० सेंटीमीटरची खोटी हालचाल दिसते. यासाठी तुम्ही दुरुस्ती कशी करता, असं नुसतं विचारा. जाणकार लगेच सांगेल की वेगळा बॅरोमीटर ठेवतो आणि दर काही तासांनी हाताने टेपनेही मोजतो.

पायासाठी अभियांत्रिकी भूशास्त्रज्ञ लागतो, आणि तो ड्रिलिंग चालू असताना रिगपाशी असायला हवा. आरक्यूडी (खडक किती शाबूत आहे याची टक्केवारी) काढताना कोअरच्या, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या कांडीच्या, १० सेंटीमीटर किंवा त्याहून लांब, शाबूत तुकड्यांची बेरीज करून रनच्या (एका खेपेत ड्रिल केलेल्या) लांबीने भागतात. पेटीत ठेवताना तुटलेला कोअर जोडूनच मोजायचा असतो. १.५ मीटरच्या रनमध्ये असे तुकडे ९६ सेंटीमीटर असतील तर ६४ टक्के, म्हणजे मध्यम खडक. त्यातले १८ सेंटीमीटरचे दोन तुकडे हाताळताना मधोमध तुटले आणि लॉग (कोअरची नोंद) करणाऱ्याला ताजा तुटका पृष्ठभाग ओळखता आला नाही, तर आकडा ४० वर येतो आणि तोच खडक खराब ठरतो. पायाचा खर्च त्या एका ओळीवर हलतो!

धरण किंवा बोगदा असेल तर ल्युजॉन चाचणीही लागते, म्हणजे बोअरमध्ये दाबाने पाणी सोडून खडकात किती जातं ते मोजणं. दाब तीन टप्प्यांत चढवायचा आणि मग त्याच खालच्या दोन टप्प्यांतून उतरवायचा. उतरताना त्याच दाबाला जास्त पाणी गेलं तर भेगांतली माती धुऊन निघाली असं समजायचं, कमी गेलं तर भेगा भरत आहेत. एकाच दाबाचा आकडा देणाऱ्याकडून हे कळणारच नाही.

भूभौतिक सर्वेक्षण (जमिनीवरूनच विद्युतरोधासारखे गुण मोजून आतल्या थरांचा अंदाज घेणं) बोअर कुठे घ्यावा हे ठरवायला उपयोगी, बोअरच्या बदली नाही. ओली चिकणमाती आणि खारं पाणी असलेली वाळू, दोन्हींचा विद्युतरोध कमीच दिसतो.

पाण्याचे नमुने घेणाऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून हे सांगतो. १०० मिलीमीटर व्यासाच्या नळीत २० मीटर पाणी असेल तर ते सुमारे १५७ लिटर. त्याच्या तिप्पट काढून, पीएच, तापमान आणि विद्युतवाहकता स्थिर झाल्यावरच नमुना भरायचा. विरघळलेले धातू तपासायचे तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं, मग नायट्रिक आम्ल. क्रम उलटला तर गाळातले धातूही विरघळतात आणि स्वच्छ विहीर दूषित ठरते. प्रयोगशाळेच्या अहवालात धन आणि ऋण आयनांचा फरक ५ टक्क्यांच्या आत आहे का, हे तुम्हीही तपासू शकता.

पुराचा अंदाज देणारा जलशास्त्रज्ञ वेगळा माणूस असतो. १०० वर्षांतून एकदा येणारा पूर ३० वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के आहे, हे त्याने आपणहून सांगायला हवं. शिवाय नदीची उंची आणि प्रवाह यांचा वक्र मोजलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या किती पुढे ओढलाय, हे अहवालात दाखवायला हवं.

संगणकावर भूजलाचं मॉडेल बनवणारा मॉडेलर शेवटी येतो, आणि त्याला भूशास्त्रज्ञाच्या शेजारी बसवणारी कंपनी निवडा. फक्त पाणीपातळ्यांशी जुळवलेलं मॉडेल पुनर्भरण (जमिनीत मुरणारं पाणी) आणि जलवाहकता (थराची पाणी वाहू देण्याची क्षमता) यांचं गुणोत्तर सांगतं, दोन्ही वेगवेगळे सांगत नाही. दोन्ही दुप्पट केले तरी पातळ्या तशाच जुळतात. झऱ्याचा किंवा नदीतला मोजलेला प्रवाह जोडीला नसेल तर त्या मॉडेलवरून उपशाची मर्यादा ठरवू नका.

करार करताना प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव आणि त्याचे जागेवरचे दिवस लिहून घ्या. प्रस्तावात ज्येष्ठांची नावं आणि विहिरीवर नवखा मुलगा, असं सर्रास होतं. पंपिंग टेस्टची मूळ नोंदपत्रकं, लॉगरच्या फाइली आणि कोअरचे फोटो तुमच्या ताब्यात मिळतील, ही अटही घाला. कोअरच्या पेट्या कुठे आणि किती काळ ठेवणार तेही नमूद करा, कारण लॉगवर वाद झाला तर पुन्हा मोजायला तेवढ्याच उरतात.