मुलाच्या खोलीतली ती भिंत आधी मोकळी करा

धायरीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा बारावी सायन्सला आहे, अकरावीत अठ्ठावन्न टक्के पडले, सीईटीचा क्लास लावला आहे. अभ्यासात लक्ष नाही, रविवारी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनच्या मागे भटकतो, जेवताना तोंड उघडत नाही. वडिलांनी आपल्या परीने उपाय केला. मुलाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर नामवंतांचे फोटो लावले आणि प्रत्येकाखाली ते प्रसिद्ध होण्याआधी काय करत होते ते लिहिलं. रोज रात्री जेवणं झाली की त्यातल्या एकाची गोष्ट ते मुलाला वाचून दाखवतात. सोबत भिंतीचा फोटो पाठवला आहे आणि विचारलं आहे, 'एवढं करूनही त्याच्यात जिद्द येत नाही. अजून काय करू?'

नमस्कार.

अजून काही करू नका. जे चाललंय ते थांबवा. पत्र वाचून मला मुलाच्या मार्कांची काळजी वाटली नाही, त्या भिंतीची वाटली. म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

फोटो मी मोठा करून पाहिला. वरच्या रांगेत रजनीकांत, खाली 'बस कंडक्टर'. शेजारी निळू फुले, 'माळी'. मग दिलीपकुमार, 'कॅन्टीनमध्ये सँडविच विकायचे'. डॉ. रघुनाथ माशेलकर, 'रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास'. आइन्स्टाईन, 'गणितात नापास'. अक्षर सुबक आहे, दोन रंगांच्या स्केचपेनने लिहिलंय, चौकटी पट्टी धरून आखल्या आहेत. शिफ्ट करून घरी आल्यावर, झोप बाजूला सारून हे केलेलं दिसतं. त्यामागची माया मला कळते. पण सगळ्यात शेवटी, खालच्या कोपऱ्यात, एक चौकट रिकामी आहे. तिच्याखाली मुलाचं नाव आणि नावापुढे प्रश्नचिन्ह.

सतरा वर्षांचा मुलगा सकाळी डोळे उघडतो आणि बापाच्या अक्षरात वाचतो की त्याची जागा अजून रिकामी आहे. रात्री झोपताना पुन्हा तेच. तुम्हाला म्हणायचंय, 'तू इथे पोचशील याची मला खात्री आहे.' त्याला मात्र ऐकू येतं, 'तू अजून कोणी नाहीस.' ही चौकट आज उतरवा. बाकीची भिंत उतरवताना त्याला हाताशी घ्या, कारण लावताना त्याला विचारलं नव्हतंत.

पत्राच्या मध्यावर तुम्ही एक तक्रार केली आहे. कंडक्टरची गोष्ट पुन्हा ऐकवली तेव्हा मुलगा म्हणाला, 'बाबा, त्यांच्या घरात अशी भिंत नव्हती.' तुम्हाला ते उलट उत्तर वाटलं आणि तुम्ही त्याचा मोबाइल काढून घेतलात. मला विचाराल तर तुमच्या एवढ्या लांब पत्रात याहून नेमकं वाक्य नाही. मुलगा बरोबर बोलला.

दिलीपकुमार यांचंच घ्या, गोष्ट आपल्या पुण्यातली आहे आणि त्यांनी ती आत्मचरित्रात स्वतः सांगितली आहे. तेव्हा ते युसूफ खान होते. वडिलांशी खटका उडाला, घर सोडलं आणि पुण्याला आले. इंग्रजी चांगलं होतं, त्या जोरावर लष्कराच्या कॅन्टीनमध्ये काम मिळालं. पुढे तिथेच सँडविचचा स्टॉल टाकला, तो चांगला चालला. कॅन्टीनचं कंत्राट संपलं तेव्हा पाच हजार रुपये गाठीला बांधून मुंबईला परतले. सिनेमात जायचं तेव्हा त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं; पहिला चित्रपट आला १९४४ मध्ये. म्हणजे पुण्यातला तो पोरगा पुढच्या कीर्तीची वाट बघत दिवस ढकलत नव्हता. तो सँडविच विकत होता आणि मन लावून विकत होता. आपलं आयुष्य अजून सुरू व्हायचंय, असं त्याला कोणी रोज रात्री सांगत नव्हतं. नामवंत माणूस साठीला मागे वळून बघतो तेव्हा त्याला सगळ्या घटना एका ओळीत लागलेल्या दिसतात, कारण शेवट त्याला माहीत असतो. सतराव्या वर्षी ती ओळ कोणालाच दिसत नाही. तुमच्या मुलाला ती दिसत नाही म्हणून त्याच्यात खोट आहे असं समजू नका.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. भिंतीवर सँडविच आहे, वडिलांशी झालेलं भांडण नाही.

आता जे लिहिणार आहे ते तुम्हाला बोचेल, पण लिहायलाच हवं. कंडक्टर, माळी, कॅन्टीनवाला ही तुमच्या भिंतीवर सुटका करून घ्यायची कामं झाली आहेत. निळूभाऊ पुण्यात एएफएमसीच्या, म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, बागेत माळीकाम करत होते. त्या बागेत त्यांच्याबरोबर आणखीही माळी होते. त्यांच्यातले बरेचसे निवृत्त होईपर्यंत झाडंच लावत राहिले असतील. त्यांचं आयुष्य फुकट गेलं का? तुम्ही चाकणला तीन पाळ्यांत काम करता. घराचे हप्ते, क्लासची फी, तुमच्या आईचं औषधपाणी, सगळं त्यातून होतं. आणि तरी पत्रात स्वतःबद्दल लिहिता, 'मी काही होऊ शकलो नाही, निदान त्याने तरी व्हावं.' त्या भिंतीच्या हिशेबाने तुमची स्वतःची जागा कुठे आहे? मुलगा हा हिशेब रोज मांडतो. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून त्याने दगडूशेठचा गणपती पाहिला, तो माणूस स्वतःला कोणीच समजत नाही. जेवताना तो गप्प बसतो याचं कारण आळसात शोधू नका, इथे शोधा.

वहिनींचं मत पत्रात अर्ध्या ओळीत येतं: 'हिला वाटतं मी अती करतोय.' त्यांना बरोबर वाटतंय. यापुढचे निर्णय दोघांनी मिळून घ्या.

या सगळ्याच्या बुडाशी एक समज आहे आणि तो घरोघरी आहे: हाल सोसले की माणूस घडतो, सोयी मिळाल्या की बिघडतो. 'याला सगळं आयतं मिळतंय, म्हणून किंमत नाही,' असं तुम्ही पुन्हा पुन्हा लिहिता. व्हॉट्सअॅपवरचे फॉरवर्ड बाजूला ठेवा आणि ही मोठी माणसं आपल्या तोंडाने काय सांगतात ते ऐका. माशेलकर सहा वर्षांचे असताना वडील गेले, आईने मिळेल ते काम करून वाढवलं, दिव्याखालचा अभ्यासही खरा. पण ते भाषणात रमतात ते भावे सरांच्या आठवणीत. सरांनी पोरांना उन्हात नेलं, भिंगाने कागद जाळून दाखवला आणि सांगितलं की शक्ती अशी एका जागी आणलीत तर काहीही जाळता येतं. पुढे शिक्षण चालू राहिलं ते टाटा ट्रस्टच्या महिना साठ रुपयांच्या शिष्यवृत्तीमुळे, हेही ते आवर्जून सांगतात. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणारी मुलं त्या काळच्या मुंबईत पुष्कळ असतील. भावे सर आणि साठ रुपये दोन्ही ज्यांना मिळाले अशी थोडी. रजनीकांत म्हणजे शिवाजीराव गायकवाड. ऑक्टोबर २०२१ मध्ये दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्कार घेताना त्यांनी कोणाची आठवण काढली? गुरू के. बालचंदर, वडिलांसारखं वाढवणारे थोरले भाऊ आणि बेंगळुरूच्या बसवरचा ड्रायव्हर मित्र राज बहादूर. कंडक्टरच्या अंगात नट आहे हे त्या ड्रायव्हरने ओळखलं, मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये जायला भरीस घातलं, पैशांची मदत केली. निळूभाऊंच्या मागे राष्ट्र सेवा दलाचं कलापथक होतं. गरिबीने यातल्या कोणालाही घडवलं नाही. तिने अडवलं, आणि कोणीतरी हात दिला म्हणून ते पलीकडे गेले. आइन्स्टाईनची चौकट तर सरळ खोटी आहे. गणितात ते लहानपणापासूनच पुढे होते, आणि १९०२ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरीला लागले तेव्हा झुरिचच्या पॉलिटेक्निकची पदविका त्यांच्याजवळ होती. मुलाला हे शोधून काढायला एक मिनिट लागतं. कदाचित त्याने काढलंही असेल आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलला नसेल.

भिंतीवर डॉ. श्रीराम लागू नाहीत, डॉ. मोहन आगाशे नाहीत, हेही माझ्या लक्षात आलं. दोघंही आपल्या बी. जे. मेडिकलचे. डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन. पुण्यात प्रॅक्टिस केली, टांझानियात केली आणि चाळिशी उलटल्यावर, १९६९ मध्ये, पूर्णवेळ नट झाले. डॉ. आगाशे मानसोपचार शिकवत राहिले, रुग्ण तपासत राहिले आणि नाटक-सिनेमाही करत राहिले. एक काम सोडलं की मगच दुसऱ्याची सुरुवात, असं त्यांच्या बाबतीत झालं नाही. असल्या गोष्टी कोणी फॉरवर्ड करत नाही, कारण त्या वाचून डोळ्यांत पाणी येत नाही. तुमच्या घरात मात्र याच जास्त उपयोगी पडतील, कारण त्या 'आत्ता नाही तर कधीच नाही' अशी भीती घालत नाहीत.

आता परीक्षांचं. सीईटीची तयारी चालू ठेवा, क्लास मध्येच सोडायला लावू नका. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी बारावीला पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणितात मिळून, खुल्या गटाला पंचेचाळीस टक्के लागतात, आणि अठ्ठावन्नवाल्या मुलाने त्यासाठी रात्री जागवण्याचं कारण नाही.

मला जास्त बोलायचंय ते तुमच्या पत्रातल्या एका ओळीबद्दल. तुम्ही ती रागाने लिहिली आहे: 'गेल्या रविवारी सोसायटीच्या पंपाचं पॅनेल उघडून दुपारभर त्या इलेक्ट्रिशियनशेजारी बसला होता, म्हणे पंप सारखा ट्रिप का होतो ते बघतोय.' दुपारभर! ज्या मुलाचं कशातच लक्ष लागत नाही अशी तुमची तक्रार आहे, तो एका बंद पडणाऱ्या पंपासमोर दुपारभर बसला. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत का, की दोष सापडला का? ओव्हरलोड रिले होता, की एखादा फेज जात होता, की पंपच जाम झाला होता? नसेल विचारलं तर आज विचारा, आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. मध्येच 'हेच फिजिक्समध्ये केलंस तर' असं म्हणू नका. तेवढं एक वाक्य आलं की तो पुन्हा मिटेल.

यावरून तो मोठा इलेक्ट्रिकल इंजिनिअर होणार असं मी म्हणत नाही, आणि तुम्हीही लगेच तसं ठरवून टाकू नका. त्याला वायरिंग आवडत असेल, त्या इलेक्ट्रिशियनकाकांचा स्वभाव आवडत असेल, किंवा घरापासून लांब बसणं आवडत असेल. हे त्याच्याकडूनच कळेल. पण वाट आहे, ती माहीत असू द्या. बारावी सायन्सनंतर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमानंतर पुन्हा इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. गणेशखिंड रस्त्यावर शासकीय तंत्रनिकेतन आहे. एखाद्या कामाच्या दिवशी दोघं जाऊन इलेक्ट्रिकल विभागाची चौकशी करून या. औंधच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा आहे. तो दहावीनंतरही करता येतो, पण बारावी झालेल्याने केला तर त्यात कमीपणा काही नाही. 'आमच्या घरातला मुलगा आयटीआयला?' हा प्रश्न तुमच्या ओठावर येईल. तो आलाच तर वर चाकणबद्दल लिहिलेला परिच्छेद पुन्हा वाचा.

त्या इलेक्ट्रिशियनकाकांना एकदा चहाला बोलवा. पत्रात त्यांचा उल्लेख मुलाला बिघडवणारा माणूस असा आला आहे. ते तुमच्या मुलासाठी राज बहादूर किंवा भावे सर ठरतील की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. पण दुसऱ्याच्या पोराला रविवारची दुपार देऊन पॅनेल समजावणारा माणूस आपण होऊन मिळालाय. मुलगा कसा आहे, हात कसा आहे, धीर किती आहे, हे त्यांना विचारा. तुमच्या-माझ्यापेक्षा ते त्याबद्दल जास्त सांगू शकतील.

रात्रीचं वाचन बंद झालं की त्या वेळात काय करायचं, असा प्रश्न पडेल. सुरुवातीला काहीच नको. नंतर वाटलं तर तुमच्या कारखान्यातलं सांगा. मशीन मध्येच बंद पडलं तर काय करता, नवा पोरगा लायनीवर आला तर त्याला आधी काय शिकवता, पहिल्या पगाराचं काय केलं होतं. तात्पर्य सांगू नका, त्याने विचारलं तेवढंच सांगा.

तुम्ही शेवटी विचारलंय, मुलाला घेऊन भेटायला येऊ का? या. पण त्याला यायचं असेल तरच, आणि पहिला अर्धा तास मी त्याच्याशी एकटीच बोलेन. तुम्ही दोघांनी बाहेर थांबायचं. यायला तयार नसेल तर जबरदस्ती नको. त्याऐवजी मला लिहिता येतं एवढं त्याच्या कानावर घाला. हे उत्तर त्याला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. त्याने लिहिलंच, तर पाठवण्याआधी वाचायला मागू नका.