अंबर : बाटलीवरचं नाव आणि अंगावरचा वास

दिवाळी आणि लग्नसराई तोंडावर आली की सुगंधांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांना अंबरबद्दल विचारायचं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मला उबदार, थोडा गोडसर, धूपासारखा वास हवा आहे. दुकानात ‘अंबर’ लिहिलेल्या चार बाटल्या हुंगल्या, चारही वेगळ्या. एक तर चक्क आफ्टरशेव्हसारखी. खरा अंबर कोणता? (परळ)

उत्तर : अंबर नावाचं एकच द्रव्य अत्तरकार बाटलीत ओतत नाहीत. तो एक मेळ आहे आणि त्याचे तीन खांब आहेत: लॅब्डॅनम, लोबान आणि व्हॅनिलिन. लॅब्डॅनम म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या सिस्टस झुडपांच्या पानांवरचा चिकट डिंक. क्रीट बेटावर पूर्वी तो बकऱ्यांच्या दाढीला चिकटलेला विंचरून काढत. आता मोठा पुरवठा स्पेनमधून होतो. त्याचा वास गडद, चामड्यासारखा, किंचित मधाळ. लोबान आपल्या ओळखीचाच, बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर टाकतात तो. व्हॅनिलिन 1874 मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी प्रयोगशाळेत बनवलं, आणि त्यानंतरच आजच्या अर्थाचा अंबर जमून आला. सोबतीला टोंका बी, टोलू बाल्सम ही गोडसर राळ, पचौलीची पानं, कधी चंदन.

पिवळा, मण्यांच्या माळेत ओवतात तो जीवाश्म अंबर यात नसतो. नुसत्या खड्याला वासही येत नाही. देवमाशाचा अंबर ही आणखी तिसरी गोष्ट, त्याबद्दल पुढे.

तुमची आफ्टरशेव्हसारखी बाटली बहुधा अँब्रोक्सनची असावी. क्लॅरी सेज या वनस्पतीतल्या स्क्लॅरिओलपासून हा रेणू बनवतात. देवमाशाच्या अंबरातला कोरडा, खारट, लाकडी पदर तो देतो, पण त्यात गोडवाही नाही आणि राळही नाही. डिओरच्या 2015 च्या ‘सोवाज’मधला धारदारपणा बराचसा त्याचाच. त्यातच 2021 मध्ये सुगंधांचं वर्गीकरण करणारे मायकल एडवर्ड्स यांनी ‘ओरिएंटल’ या घराण्याचं नाव बदलून ‘अंबर’ केलं. त्यामुळे ज्यात लॅब्डॅनमचा थेंब नाही असे मसालेदार किंवा फुलांचे सुगंधही आता या पाटीखाली येतात.

म्हणून नाव बाजूला ठेवा आणि घटकांचं वर्णन वाचा. लॅब्डॅनम, बेंझॉइन (म्हणजे लोबान), टोलू, व्हॅनिला, टोंका यांतली तीन नावं दिसली तर तुम्हाला हवी ती वाट. ‘अंबरवुड’, ‘ॲम्बर ॲकॉर्ड, सीडार, सी सॉल्ट’ असं दिसलं तर कोरड्या वाटेची शक्यता जास्त. ओळख पटावी म्हणून दोन-तीन बाटल्या नुसत्या हुंगून या, विकत घेऊ नका. गेर्लँचं ‘शालिमार’ (1925) : वर बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं फळ), खाली व्हॅनिला आणि धूर. सर्ज ल्युटेन्सचं ‘आंब्र सुल्तां’ : लॅब्डॅनमवर तमालपत्र आणि ओरेगॅनो, औषधी आणि तुरट. मेझाँ फ्रान्सिस कुर्कजियानचं ‘ग्रां स्वार’ : गुळगुळीत, गोड, लोबान-व्हॅनिलाचं. यातलं कोणतं आवडतं ते कळलं की दुकानदाराला नेमकं सांगता येतं. आमचं मत विचाराल तर पहिला अंबर घेणाऱ्याने तिसऱ्याच्या जातीचा शोधावा. दुसरा ज्याला आवडतो त्याला फार आवडतो, बाकीच्यांना कफाचं औषध आठवतं.

प्रश्न : मॉलमध्ये संत्र्याच्या सालीसारखा ताजा वाटला म्हणून घेतला. घरी पोचेपर्यंत बेकरीत उभं असल्यासारखं वाटू लागलं. बाटली खराब आहे का? (दादर)

उत्तर : बाटली ठीक आहे. तुम्ही पहिली दहा मिनिटं विकत घेतलीत. बर्गमॉट, संत्रं, गुलाबी मिरी हे हलके रेणू पंधरा-वीस मिनिटांत, मुंबईच्या उकाड्यात त्याहूनही लवकर उडून जातात. राळा आणि व्हॅनिलिन जड असतात, ते तासन् तास बसून राहतात. अंबरमध्ये हा खालचा थर म्हणजेच सुगंध. वरचा भाग दुकानात विकण्यापुरता. बेकरीचा भास व्हॅनिलिन, एथिल व्हॅनिलिन किंवा एथिल माल्टोल जास्त असल्याने होतो. शेवटचं म्हणजे कॉटन कँडीचा वास.

पुढच्या वेळी असं करा. अंगाला काही न लावता, सुगंधी लोशनही टाळून, शक्यतो दुपारच्या जेवणाआधी जा. एका फेरीत तीनच सुगंध. कागदी पट्टीवर आधी पेन्सिलने नाव लिहा, मग दहा-पंधरा सेंटिमीटरवरून एक फवारा, आणि अल्कोहोल उडेपर्यंत अर्धा मिनिट नाकाजवळ नेऊ नका. पट्ट्या एकाच पिशवीत कोंबू नका, एकमेकींचा वास घेतात. वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा. मधे कॉफीच्या बिया हुंगायची गरज नाही. बाहेरची हवा किंवा स्वतःच्या बाहीचा वास पुरतो.

तासाभराने उरलेल्यांतला एकच हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर लावा आणि मनगटं एकमेकांवर घासू नका. मग मॉलमधून बाहेर पडा. हे महत्त्वाचं, कारण 22-23 अंशांच्या एसीत अंबर झोपलेला असतो. प्लॅटफॉर्मवर, घामट हातावर तो काय करतो ते बघायचं आहे. निकाल चौथ्या तासाला द्या. तेव्हा गोडवा टोचत नसेल, राळ कडवट झाली नसेल, तरच पुढचा विचार. त्यानंतरही मोठ्या बाटलीआधी दोन मिलीची कुपी घ्या. एका मिलीत साधारण दहा फवारे बसतात, म्हणजे वीस. एक दमट दिवस, एक दिवस ऑफिसच्या एसीत आणि एक संध्याकाळचा कार्यक्रम एवढं तरी त्यात काढा.

खोका हातात आला की आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि नोंदणी क्रमांक छापलेला आहे का बघा. तो नसेल तर सवलत कितीही असो, परत ठेवा.

प्रश्न : सकाळी डोंबिवलीहून फास्ट लोकल. अंबर लावून जावं का? किती? (डोंबिवली)

उत्तर : एक फवारा, तोही निघण्याच्या अर्धा तास आधी, छातीवर बनियनच्या आत. मानेवर नको, गर्दीत तुमची मान म्हणजे मागच्याचं नाक. उष्णतेने वास पसरतो आणि दमट, कोंडलेल्या हवेत तो हलत नाही, म्हणून जो डोस जानेवारीच्या रात्री छान वाटतो तो मे महिन्यात डब्यातल्या लोकांना नकोसा होतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये दिवसा अंबर लावूच नये, असं आमचं स्पष्ट मत. अगदीच हवा असेल तर पचौली किंवा तुरट वनस्पती असलेला, कमी गोड निवडा आणि ऑफिसला पोचल्यावर लावा. ‘ओ द पार्फ्यूम’ऐवजी ‘ओ द त्वालेत’ घेतलं की हलकं पडेलच असं नाही. पहिल्यात साधारण 15 ते 20 टक्के सुगंधी तेल, दुसऱ्यात 5 ते 15. पण अनेकदा कंपन्या दोन्हींचं सूत्रच वेगळं ठेवतात.

प्रश्न : एका तासाने मला स्वतःला काही वास येत नाही. पुन्हा मारते, तर घरचे म्हणतात, डोकं दुखतंय. (विलेपार्ले)

उत्तर : घरच्यांचं ऐका. सतत येणाऱ्या वासाची नोंद नाक आपोआप बंद करतं, आणि अंबरसारख्या संथ, न बदलणाऱ्या वासात हे लवकर होतं. शिवाय कस्तुरीसारखे काही मोठे रेणू काहींना जन्मतःच जाणवत नाहीत. गळ्याऐवजी कोपराच्या आत किंवा कमरेपाशी लावा, म्हणजे वास नाकाखाली राहणार नाही. दिवसात दुसरा फवारा नाही. आहे की गेला हे बघायचं तर दहा मिनिटं गच्चीवर जाऊन परत या आणि सकाळच्या ओढणीचा वास घ्या.

प्रश्न : मोहम्मद अली रोडवर ‘अंबर’ अत्तर स्वस्तात मिळालं. एकाने ‘असली अंबर’ही दाखवला, किंमत अफाट. घ्यावा का? (माझगाव)

उत्तर : असली म्हणजे देवमाशाचा असेल तर हातही लावू नका. वर्तमानपत्रांत ‘व्हेलची उलटी’ म्हणून बातम्या येतात तो हाच. स्पर्म व्हेल वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहे. अंबर बाळगणं आणि विकणं, दोन्ही गुन्हे. आणि खोटा असेल तर तो मेण-राळेचा गोळा, म्हणजे पैसे गेले.

स्वस्त अंबर अत्तर हे वर सांगितलेल्या मेळाचंच तेलातलं रूप, त्यात गैर काही नाही. मात्र ते कशात पातळ केलं आहे ते बघा. पट्टीवर एक थेंब ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा: वास गेला पण तेलाचा डाग मोठा आणि ओला राहिला असेल तर लिक्विड पॅराफिनसारखं बिनवासाचं तेल बरंच आहे. तोळा 11.66 ग्रॅमचा, बाजारात 12 मिलीची बाटली तोळा म्हणून देतात, कुठे 10 मिलीचीही. भाव करण्याआधी बाटली किती मिलीची ते विचारा. लावायचं ते काडीच्या टोकाएवढं. अल्कोहोल नसल्याने ते उसळत नाही, अंगाजवळ राहतं, म्हणून लोकलच्या प्रवाशांना फवाऱ्यापेक्षा हेच बरं.

त्याच दुकानात कनौजचा शमामा हुंगून बघा. दगडफूल, नागरमोथा, जटामांसी आणि मसाले देग-भपक्यात, म्हणजे अर्क काढायच्या पारंपरिक भांड्यांत, उकळून चंदनाच्या तेलात उतरवतात. अंबरइतका गोड नाही, पण ऊब तीच आणि खोली जास्त. चंदनतेलातला अस्सल शमामा महाग असतो. तोळा दोन-तीनशेला मिळाला तर तो नुसता शमामाचा वास आहे असं समजा.

प्रश्न : पांढऱ्या सदऱ्यावर पिवळट-तपकिरी डाग पडले. बाटलीतला रंगही गडद झालाय. (ठाणे)

उत्तर : दोन्हीचं कारण एकच. व्हॅनिलिन हवा आणि उजेडात तपकिरी होतं, राळा तर मुळातच रंगीत. बाटली गडद झाली पण वास तोच असेल तर खुशाल वापरा. सुरुवातीला आंबूस किंवा नेलपॉलिशसारखा वास येऊन तो जात नसेल तर ती उतरली. बाथरूमच्या फळीवर ठेवू नका, गरम वाफ आणि ट्यूबलाइट दोन्ही वाईट. कपाटात खोक्यातच ठेवा. पांढऱ्या कपड्यांवर अंबर मारूच नये. डाग ताजा असेल तर धुण्याआधी रबिंग अल्कोहोलचा बोळा खालून वर टिपा आणि इस्त्री मात्र डाग जाईपर्यंत नाही, उष्णतेने तो पक्का बसतो. पैठणी, जर आणि मोती यांच्या बाबतीत तर आधी सुगंध, तो वाळल्यावर साडी, शेवटी दागिने.

प्रश्न : घरी बदामतेलात लॅब्डॅनम, लोबानाचा अर्क आणि व्हॅनिलिन घालून अंबर केला. तळाशी खर बसते आणि काळपट गोळीही वेगळी राहते. (बोरिवली)

उत्तर : प्रमाणापेक्षा तेल चुकलं. व्हॅनिलिन स्थिर तेलांत जवळजवळ विरघळत नाही, ती खर त्याचीच. लॅब्डॅनमही पूर्ण मिसळत नाही. शिवाय बदामतेल काही महिन्यांत खवट होतं. अल्कोहोल वापरा. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. जखमेचं स्पिरिटही नको. अत्तरासाठीचं अल्कोहोल मशीद बंदर-वडगादी भागातल्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यांकडे विचारा.

10 ग्रॅम मेळासाठी लोबान रेझिनॉइड 6 ग्रॅम, लॅब्डॅनम ॲब्सोल्यूट 3 ग्रॅम (दोन्ही राळांचे घट्ट अर्क), व्हॅनिलिन 1 ग्रॅम. थेंब मोजू नका, लॅब्डॅनमचा थेंब पडतच नाही, 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा लागेल. आधी दोन्ही राळांच्या बाटल्या 50 अंशांच्या आसपास गरम पाण्यात ठेवून सैल करा, काचेच्या काडीने मिसळा, मग व्हॅनिलिन घाला. अल्कोहोल सगळं गार झाल्यावर, आणि गॅसच्या खोलीत अजिबात नाही. मेळ 1 ग्रॅम, अल्कोहोल 9 ग्रॅम, म्हणजे 10 टक्के. अंधारात तीन-चार आठवडे ठेवा, रोज हलवा, शेवटी कॉफी फिल्टरमधून गाळा. व्हॅनिलिन वाढवायचा मोह आवरा. एकाचे दीड ग्रॅम केले की लॅब्डॅनम झाकला जातो आणि पुन्हा तीच बेकरी.

पहिली चाचणी गडद रुमालावर. अंगावर लावण्याआधी कोपराच्या आत एका ठिकाणी दिवसातून दोनदा, आठवडाभर थोडं लावून बघा. लोबानासारख्या राळा काहींना खाज आणतात, आणि ती पहिल्याच दिवशी येते असं नाही. लाली दिसली तर साबणाने धुवा आणि तो मेळ रुमालापुरताच ठेवा.