माईकआधी संहिता

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपचा स्क्रीन रेकॉर्ड करून, त्यावर स्वतः बोलून एक्सेल शिकवणारे मराठी व्हिडिओ बनवते. यातच करिअर करायचं म्हणते आणि महागडा माईक-कॅमेरा मागते. काय करावं? – एक पालक, परभणी

उत्तर : माईक तूर्त राहू द्या. साधा हेडसेट, बंद पंखा आणि जाड पडद्यांची खोली एवढ्यावर सुरुवातीचं भागतं. रेकॉर्डिंगला ओबीएस, आवाज साफ करायला ऑडॅसिटी, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. कॅमेऱ्याचं तर कामच नाही, दिसणार आहे तो स्क्रीन.

आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प तिला दाखवा. लिबरऑफिस, पायथन, लिनक्स असे विषय तिथे साधारण दहा-दहा मिनिटांच्या पाठांत शिकवतात. मराठीतही बरेच डब झालेत. तिथे आधी दोन रकान्यांत संहिता लिहितात : एकीकडे पडद्यावर काय दिसेल, दुसरीकडे काय बोलायचं. मग ती नवख्या माणसाकडून करून बघतात.

तिलाही एक पाठ असाच लिहू दे. ‘आता इथे क्लिक करा’ आलं की खोडायचं. ‘बी सिक्स सेल निवडा, बरोबरचं चिन्ह टाइप करा’ असं म्हटलं की मोबाइलवर ज्याला कर्सर दिसतच नाही, त्यालाही कळतं. शिकणारा एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला एक्सेल उघडून बसलेला असतो. त्याचा हात पोचेपर्यंत थांबायला हवं. यूट्यूबवरची निम्मी मंडळी इथेच सुसाट सुटतात. लिहून झालं की तो कागद घेऊन तुम्ही स्वतः संगणकापुढे बसा. एक्सेल येत नसेल तर उत्तमच. जिथे अडाल, तिथे तिला खूण करून द्या.

आता पोटापाण्याचं. यूट्यूबच्या जाहिरातींवर घर चालेल, असं मी कुणालाच सांगत नाही. मात्र हेच काम येणाऱ्यांना ई-लर्निंग कंपन्या आणि सॉफ्टवेअर कंपन्यांचे प्रशिक्षण विभाग घेतात. नोकरीच्या जाहिरातीत पदाचं नाव इन्स्ट्रक्शनल डिझायनर (पाठांची आखणी करणारा) किंवा टेक्निकल रायटर (सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून देणारा) असतं. बहुतेक ठिकाणी पदवी मागतात, तेव्हा बी.एस्सी. पूर्ण होऊ द्या. मुलाखतीला सबस्क्रायबरचा आकडा नको, तीन-चार नेटके पाठ संहितेसकट न्यावेत. त्यातला एक इंग्रजीत हवाच, कारण या कंपन्यांतलं बरंचसं लेखन इंग्रजीत चालतं. माईक-कॅमेऱ्यासाठी मागितलेल्या पैशांतले थोडे इंग्रजी लेखनाच्या शिकवणीला घाला.