आठवीच्या मुलांना सिंथेटिक बायोलॉजी (जनुकांचे भाग जुळवून जिवांना नवं काम द्यायचं शास्त्र) वर्गातच कशी दाखवावी?

केळ्यातला डीएनए काढून सुरुवात करा, मग कार्डांवर जनुक जुळवायला द्या. अर्धं केळं कुस्करून १०० मिली पाणी, चमचाभर मीठ, दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड घाला आणि हलक्या हाताने ढवळा. साबणाने पेशींची पटलं फुटतात. दहा मिनिटांनी गाळून कडेने तेवढंच बर्फात गार केलेलं सर्जिकल स्पिरिट सोडा (जवळ ज्योत नको). डीएनए त्यात विरघळत नाही, पांढरे तंतू दिसतात. घुसळलं तर तंतू तुटतात, स्पिरिट कोमट राहिलं तर कमी दिसतात. हा शुद्ध डीएनए नव्हे, पेक्टिनही (फळातला चिकट पदार्थ) असतं. पुढे चार कार्डं: प्रमोटर (इथून वाचन सुरू), आरबीएस (इथे प्रथिन बनवणारा रायबोसोम बसतो), जीन (प्रथिनाची कृती), टर्मिनेटर (इथे वाचन थांबतं). आरबीएस काढलं तर आरएनए (जनुकाची नक्कल) बनतो, प्रथिन जवळपास नाही. जनुक घालून चमकवलेले जिवाणू मात्र वर्गात नकोत, त्यांना जनुकबदल केलेल्या जिवांबाबतचे भारतातले १९८९ चे नियम लागतात.