उलटीच्या औषधानंतर मुलाची मान वाकडी झाली, ल्युकेमिया मेंदूत गेला का?

ताई, तुम्ही लिहिलंय की केमो चालू असलेल्या तुमच्या पाच वर्षांच्या मुलाला उलटीचं सिरप दिलं आणि रात्री त्याची मान एका बाजूला ओढली गेली, डोळे वर चढले, थोड्या वेळाने आपोआप ठीक झालं, आणि आता आजार मेंदूत गेला की काय या भीतीने तुम्हाला झोप नाही. परत तसं झालं तर वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या, फिट आहे की दुसरं काही हे घरी ठरवता येत नाही.

आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. माझ्या लेकीची एएलएलची, म्हणजे लहान मुलांत दिसणाऱ्या एका ल्युकेमियाची, ट्रीटमेंट चालू होती, तेव्हा ती सहा वर्षांची. एका रविवारी उलट्या थांबेनात म्हणून घराजवळच्या दवाखान्यात मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं, आणि संध्याकाळी जबडा आवळलेला, मान वाकडी, डोळे छताला लागलेले. माझे तर हातपायच गळाले. पण ती पूर्ण शुद्धीत होती, बोबडं बोबडं "आई दुखतंय" म्हणत होती. वॉर्डातल्या डॉक्टरांनी तेच पहिलं विचारलं, शुद्धीत आहे का, आणि आज कुठलं औषध दिलं? डिस्टोनिया निघाला, म्हणजे औषधामुळे स्नायू आपोआप आवळले जाणं. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात मान सरळ.

मेटोक्लोप्रामाइड मेंदूत डोपामिन या रसायनाला अडवतं, उलटी त्यानेच थांबते, पण स्नायूंचा ताबाही डोपामिनवरच चालतो ना, आणि लहान मुलांना हा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो. 2013 मध्ये युरोपच्या औषध नियामकाने एक वर्षाखालच्या बाळांना ते द्यायचंच नाही आणि मोठ्या मुलांना दुसरं काही चाललं नाही तरच, तेही जास्तीत जास्त 5 दिवस, असं सांगितलं. आमच्या लेकीला पुढे उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन हे दुसरं औषधच दिलं.

त्या दिवसापासून मी वही ठेवली, प्रत्येक गोळी, सिरप, वेळ, सगळं लिहायचे. नंतर तापात फंगससाठी व्होरिकोनाझोल सुरू झालं आणि दोन दिवसांनी व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं इंजेक्शन होतं, डे केअरच्या डॉक्टरांनी वही बघून ते तिथेच थांबवलं, कारण व्होरिकोनाझोल असलं की लिव्हर व्हिन्क्रिस्टिन नीट मोडू शकत नाही, ते अंगात साचतं आणि नसांवर येतं, पाय लुळे पडणं, जबडा दुखणं, कडक बद्धकोष्ठता, कधी फिटसुद्धा. मग फंगसचं औषध बदललं.

तुमच्या सिरपची बाटली फेकू नका, पुढचा डोस देऊ नका, आणि आजच तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करून नाव वाचून दाखवा. केमोची औषधं मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. परत झालं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना तो बघून फार लवकर कळतं.